मधले पंधरा दिवस

मानसोपचारतज्ज्ञासमोर बसलेलं कुटुंब एका प्रश्नाला हमखास अडखळतं. "त्याचं मन ठिकाणावर होतं, म्हणजे फार खचलेला नव्हता आणि फार उधळलेलाही नव्हता, अशा दिवसांत त्याला आवाज ऐकू येत होते का? असे दिवस सलग किती गेले?" प्रश्न ऐकायला साधा आहे, पण स्किझोअफेक्टिव डिसऑर्डर नावाच्या आजाराचं निदान बरंचसं त्याच्याच उत्तरावर ठरतं.

समजा, पेशंट तिशीच्या आतला आहे. गाव शिरपूर तालुक्यातलं, राहणं सुरतेत दिंडोलीला, काम पांडेसऱ्याच्या लूमच्या खात्यात. सोबत बायको आली आहे, लग्नाला दोन वर्षं झालेली. तिनं पाहिलं ते एवढंच: तीन आठवडे नवरा झोपला नाही, उधारीवर तीन मोबाइल आणले, शेठशी भांडला, आणि आता भिंतीकडे तोंड करून पडून असतो. पहिलं आजारपण लग्नाआधीचं. ते जिनं पाहिलं ती माय गावाकडे आहे. त्या वेळी भगताकडे कुणी नेलं, किती दिवस ठेवलं, हे मामाला माहीत. मग धुळ्याच्या डॉक्टरांनी काही गोळ्या दिल्या, त्यांची चिठ्ठी घर बदलताना गेली. डॉक्टर मधल्या, मन ठिकाणावर असलेल्या दिवसांबद्दल विचारतात तेव्हा बायको खाली बघते, कारण ते दिवस तिच्या वाट्याला आलेलेच नाहीत.

हा माणूस मी गोष्ट सांगण्यासाठी उभा केला आहे. पण त्याच्या कहाणीतला एकही दुवा सुरतेतल्या मराठी वस्तीला अनोळखी वाटणार नाही.

उधना, लिंबायत, नवागाम, दिंडोली, गोडादरा, पांडेसरा या भागांत फिरलं तर कानावर गुजरातीइतकीच अहिराणी पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं ताप्तीकाठानं जाणाऱ्या सुरत-भुसावळ रेल्वेनं पिढ्यान् पिढ्या इथं येत राहिली. कुणी लूमवर, कुणी डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये, कुणी कापड मार्केटात, कुणी भाजीच्या लारीवर. महापालिका इथं मराठी शाळा चालवते. श्रावणात कानबाई देवी बसते, रोट होतात. शेजारच्या नवसारी मतदारसंघात सुरतेचे कित्येक भाग येतात, आणि तिथले खासदार सी. आर. पाटील जळगाव जिल्ह्यात जन्मलेले. इतकी ही वस्ती रुजली आहे. तरी घरातलं दुखणं मात्र दोन गावांत वाटलेलं राहतं. पगार सुरतेत, म्हातारी माणसं खान्देशात, आणि आजाराचा इतिहास मध्ये कुठंतरी नवापूरच्या स्टेशनात, ज्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे.

मला या लेखात मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. या आजारात गोळी महत्त्वाची आहेच, पण आजाराची सलग आठवण ठेवणारं माणूस आणि ती आठवण लिहिलेली फाईल यांचं मोलही जवळपास तेवढंच आहे. सुरतेत आपण नेमकं हेच हरवतो.

आधी आजाराबद्दल. जर्मनीच्या एमिल क्रेपेलिननं १८९९ च्या सुमारास मनाच्या मोठ्या आजारांची दोन घरं पाडली. एका घरात भास, भ्रम, विचारांची मोडतोड, ज्याला आपण आज स्किझोफ्रेनिया म्हणतो. दुसऱ्या घरात मनःस्थितीचे चढउतार, म्हणजे उन्माद आणि नैराश्य. वाटणी नीटनेटकी होती, पण माणसं तिच्यात बसेनात. १९३३ साली जेकब कॅसानिन या रशियात जन्मलेल्या अमेरिकी डॉक्टरनं नऊ रुग्णांची हकीकत छापली. ही तरुण, कामधंद्यात नीट असलेली माणसं एखाद्या ताणानंतर एकदम कोसळली होती. त्यांना भासही होते आणि भावनांचा कल्लोळही. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती सावरलीही. कॅसानिननं या अवस्थेला 'स्किझोअफेक्टिव' हे नाव दिलं. योगायोग असा की त्याच १९३३ साली कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी साध्या, सर्वसामान्य रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मनाच्या आजारासाठी भिंतीआडच्या वेगळ्या इस्पितळातच जावं लागतं, ही समजूत भारतात तिथून ढिली व्हायला लागली.

नाव मिळालं तरी व्याख्या ठरायला पन्नासहून अधिक वर्षं लागली. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या १९८० च्या निदानग्रंथात सगळ्या आजारांना निकष होते, या एकाला नव्हते. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत नियम असा झाला: आजाराच्या एकूण काळातला बहुतांश काळ मनःस्थितीचा मोठा बिघाड असला पाहिजे, आणि शिवाय किमान दोन आठवडे असे असले पाहिजेत की मनःस्थिती ठीक आहे, पण भास किंवा भ्रम चालूच आहेत. म्हणजेच ते मधले पंधरा दिवस. जागतिक आरोग्य संघटनेचं नवं वर्गीकरण थोडं वेगळं बोलतं. दोन्ही तऱ्हेची लक्षणं एकाच वेळी, किमान महिनाभर असावीत, असं ते म्हणतं. दोन ग्रंथांचे दोन नियम असल्यावर एकाच माणसाच्या केसपेपरवर पाच वर्षांत तीन निदानं लिहिलेली दिसली तर नवल नाही. नातेवाईक त्यावरून डॉक्टरवर संतापतात. मला वाटतं, त्या संतापाला समजून घ्यावं आणि मग त्यांना सांगावं की हा आजार एका भेटीत ओळखताच येत नाही. तो काळात उलगडतो. आज नैराश्य दिसतं, सहा महिन्यांनी उन्माद दिसतो, आणि दोन्हींच्या मधला आवाज कुणी विचारलाच नाही तर दिसतच नाही.

हजारात सुमारे तीन माणसांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो, असा ढोबळ अंदाज आहे. स्किझोफ्रेनियाच्या साधारण एक तृतीयांश. त्याचे दोन प्रकार. एकात उन्माद येतो (सोबत बहुधा नैराश्यही), दुसऱ्यात फक्त नैराश्य. सुरुवात बहुतेकदा तरुणपणी होते. 'छिन्नमनस्कता' हा स्किझोफ्रेनियाचा मराठी शब्द ऐकला की लोकांना एका शरीरात दोन माणसं राहतात असं वाटतं. तसं इथं काही नाही. घरातली माणसं जे शब्द वापरतात ते जास्त नेमके असतात: "कानमा कोनीतरी बोलस," "त्याचं डोकं चढलंय," "तो उतरलाय," "झोपच उडाली त्याची." अडचण अशी की समोरचा निवासी डॉक्टर गुजराती किंवा हिंदीत विचारतो, आणि बायको हिंदीत "टेन्शन है" एवढंच सांगते. अख्खी हकीकत त्या एका शब्दात बसवली जाते. "कानमा कोनीतरी बोलस" हे जसंच्या तसं सांगितलं असतं तर सुरतेतल्या डॉक्टरला ते कळलं असतं, कारण गुजरातीतही 'कानमा' हाच शब्द आहे.

आता उपचार कुठं. गुजरातेत सरकारी मनोरुग्णालयं चार आहेत: अहमदाबाद, वडोदरा, जामनगर आणि भूज. सुरतेत एकही नाही. याकडे मी उणीव म्हणून बघत नाही. सुरतेत सरकारी मेडिकल कॉलेजचं न्यू सिव्हिल आहे आणि उमरवाड्याला महापालिकेचं स्मीमेर आहे. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. लिंबायतच्या माणसाला स्मीमेर जवळ पडतं. ज्या दारातून हाड मोडलेला माणूस जातो त्याच दारातून हा पेशंटही जातो, शेजाऱ्यांना कळतही नाही, आणि ही फार मोठी सोय आहे. खरी उणीव पुढची आहे. केस काढली, रांगेत बसलं, डॉक्टरांना दाखवलं, औषधं घेतली, यात कामाचा एक दिवस जातो. लूमवर ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी पगार नाही. दोन-तीन महिने असं होतं, मग बायको एकटीच चिठ्ठी घेऊन गोळ्या आणायला जाते, मग तीही थांबते.

गोळ्यांचे साधारण तीन गट असतात. भास-भ्रमांवरच्या औषधांना अँटीसायकोटिक म्हणतात: रिस्पेरिडोन, ओलांझापीन, पालिपेरिडोन, क्लोझापीन वगैरे. अमेरिकेत याच आजारासाठी म्हणून पहिली अधिकृत मान्यता पालिपेरिडोनला २००९ साली मिळाली. मनःस्थिती स्थिर ठेवणारी दुसरी: लिथियम, व्हॅल्प्रोएट. तिसरी नैराश्यावरची. ती उन्मादाच्या प्रकारात जपून द्यावी लागतात, कारण खाली गेलेला माणूस एकदम वर उधळू शकतो. कुणाला कुठली जोडी लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. काही आठवडे एक बघायचं, मग दुसरं. घरात या सगळ्यांना एकच नाव असतं, 'झोपेच्या गोळ्या'. या नावानं फार नुकसान केलं आहे. झोप लागायला लागली की गोळी बंद, असा हिशोब त्यातूनच निघतो.

लिथियमबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सुरतेच्या कामगाराला त्याचे नियम कुणी कामगाराच्या भाषेत सांगत नाही. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम वापरून बघितलं, तेव्हापासून ते टिकून आहे. स्वस्त आहे, जुनं आहे, आणि चांगलं चाललं तर आयुष्य सरळ करून टाकतं. पण मूलतः हा एक क्षार आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर यांच्या मध्ये राहावं लागतं. त्याच्या खाली उपयोग नाही, फार वर गेलं तर विषबाधा. लूमच्या खात्यात मे महिन्यात पंखा धाग्याला त्रास देतो म्हणून बंद असतो, माणूस बारा तास घामानं निथळतो, पाणी पुरेसं पीत नाही, अंग दुखतं म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतो. घामावाटे पाणी आणि मीठ जातं, या वेदनाशामकांमुळे मूत्रपिंड लिथियम पुरेसं बाहेर टाकत नाही, आणि रक्तातली पातळी चढते. हात जोरात थरथरायला लागले, उलटी-जुलाब झाले, चाल झोकांडायला लागली, जीभ जड झाली, तर ही दारू नव्हे, ऊन लागणंही नव्हे. अशा वेळी गोळी थांबवून तडक सिव्हिल गाठायचं. रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करायची असते. जो रातपाळीहून सकाळी येऊन गोळी घेतो त्यानं सकाळच्या ओपीडीत रक्त दिलं तर आकडा खोटाच येणार. त्यानं डॉक्टरला फक्त एवढं सांगावं: "साहेब, माझी पाळी रात्रीची आहे." वर्षातून एक-दोनदा थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणीही हवी.

बिडीचंही सांगतो. बिडी-सिगारेटच्या धुरानं यकृताचं एक यंत्र वेगानं चालू लागतं आणि क्लोझापीन, ओलांझापीन शरीरातून लवकर निघून जातं. बिडी ओढणाऱ्याला म्हणून जास्त मात्रा लागते. तोच माणूस वॉर्डात दाखल झाला, बिडी सुटली, की तीच मात्रा जड होते आणि तो दिवसभर पेंगतो. हा परिणाम धुराचा आहे. मावा-गुटख्यानं तसं होत नाही. अर्थात त्यांची शिफारस कुणी करणार नाही. मुद्दा इतकाच की डॉक्टरनं 'तंबाखू खातो का' असं विचारलं तर 'ओढतो की खातो' हे नीट सांगावं. क्लोझापीन घेणाऱ्यानं पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या असतात, कारण क्वचित त्या धोकादायकरीत्या घटतात. हे औषध शेवटचं म्हणून ठेवतात, पण जिवावर बेतण्याच्या विचारांत ते इतरांहून उजवं ठरलं आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्किझोफ्रेनिया आणि स्किझोअफेक्टिव अशा दोन्ही आजारांचे ९८० रुग्ण होते, त्यात हे दिसलं. या आजारात शंभरातली सुमारे पाच माणसं आत्महत्येनं जातात. म्हणून 'जगून काय करू' हे वाक्य घरात एकदा जरी आलं तरी ते डॉक्टरपर्यंत त्याच दिवशी पोचलं पाहिजे.

शॉक ट्रीटमेंटला आपल्याकडे सिनेमांनी बदनाम केलं आहे. आज ती भूल देऊन होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं भूल न देता शॉक देण्याला बंदी आहे. खाणंपिणं सोडलेल्या, दगडासारख्या झालेल्या किंवा जीव द्यायला निघालेल्या माणसाला ती काही दिवसांत परत आणू शकते.

आणि झोप. उन्मादाचा भडका उडवायला जागरण पुरेसं असतं. हे वैद्यकाला फार दिवसांपासून ठाऊक आहे. सुरतेच्या लूमवर पाळी बारा तासांची आणि ती दिवस-रात्र फिरती. ज्याला हा आजार आहे त्याला फिरती रातपाळी म्हणजे दर खेपेला आगीजवळ नेऊन बसवणं. माझ्या मते डॉक्टरनं लिहिलेल्या औषधांच्या यादीत पहिली ओळ 'कायम दिवसपाळी' ही असावी, आणि तसा दाखला द्यावा. शेठ तो मानेलच असं नाही. पण मुकादमही बहुधा आपल्याच तालुक्यातला असतो, त्याच्याशी बोलता येतं. कारण सांगायला 'मगजनी दवा चाले छे' एवढं पुरे. रोगाचं नाव सांगायची गरज नाही.

बाईचं दुखणं निराळंच. मुलगी आजारी असेल तर 'लग्न करून टाका, ठीक होईल' हा सल्ला आणि सून आजारी पडली तर माहेरी पाठवणी. व्हॅल्प्रोएट गर्भातल्या बाळाच्या मेंदूला आणि मणक्याला घातक ठरतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते शक्यतो देऊ नये, आणि दिलं असेल तर दिवस राहण्याआधीच बदलून घ्यावं. पण लग्न लपवून केलं, गोळ्या लपवून घेतल्या, मग दिवस राहिल्यावर भीतीनं सगळंच एका दिवसात बंद केलं, की बाळंतपणानंतरचे आठवडे सगळ्यात धोक्याचे होतात. नवऱ्याकडच्यांना एक गोष्ट सांगायला हवी. स्किझोफ्रेनियाचा शिक्का हाच घटस्फोटाला पुरेसा नाही, आजाराची तीव्रता आणि एकत्र राहणं किती अशक्य आहे ते बघावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच राम नारायण गुप्ता खटल्यात म्हटलं आहे.

भगत आणि दर्ग्याबद्दल लिहिताना मी हात जपून ठेवतो. खान्देशातल्या बाईच्या अंगात कानबाई आली तर तो आजार नव्हे. सणाच्या रात्री ती घुमते, लोक पाया पडतात, सकाळी ती पाणी भरायला जाते. आजारात सकाळ उजाडत नाही. वारं उतरत नाही, झोप येत नाही, आवाज शिव्या देत राहतात, आणि माणूस कामाचा राहत नाही. हा फरक गावच्या म्हाताऱ्यांना बहुतेक वेळा आपल्याआधी कळतो. तरी 'बाहेरनं से' (बाहेरची बाधा आहे) म्हणून बुलढाण्याच्या सैलानीला किंवा मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाच्या मीरा दातारला नेलं जातं. उनाव्याला एक शहाणं काम झालं. अहमदाबादच्या 'आल्ट्रुइस्ट' संस्थेच्या मिलेश हमलाई यांनी दर्ग्याच्या मुजावरांशी बोलून २००८ च्या सुमारास तिथंच मानसोपचाराचा दवाखाना उभा केला. नाव दिलं 'दवा-दुआ'. मुजावर दुआ देतो आणि डॉक्टरकडे पाठवतो. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहात साखळदंडांनी बांधलेली माणसं आगीत पळू न शकल्यानं गेली, आणि मृतांचा आकडा २८ वर पोचला. त्या घटनेनंतर देशात बांधून ठेवण्यावर बंदीची भाषा झाली. पण उनाव्यासारखी वाट कमी ठिकाणी निघाली. महाराष्ट्रात २०१३ पासून आणि गुजरातेत २०२४ पासून अघोरी प्रथांविरुद्ध कायदा आहे. नवस बोला, नारळ फोडा, पण मारहाण, उपाशी ठेवणं, साखळी आणि गोळी बंद करणं, या चार गोष्टी कुठल्याही देवाच्या दारी मान्य करू नका.

या सगळ्यात मला धुळ्याची एक व्यक्ती आठवते. डॉ. जगन्नाथ वाणी, कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला आणि हा हिशोबाचा माणूस आयुष्यभर त्या आजाराच्या मागे लागला. १९९७ मध्ये पुण्यात त्यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. शुभार्थी आणि त्यांचे नातेवाईक एकत्र बसून बोलतात, दिवसभराचं पुनर्वसन केंद्र चालतं, असं ते काम. आजारी माणसाला 'रुग्ण' न म्हणता 'शुभार्थी' म्हणायचं, ही मराठीनं कमावलेली चांगली गोष्ट आहे. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई' सिनेमा केला, त्याच्यामागेही वाणीच होते. अतुल कुलकर्णींचा शेष आणि त्याला सांभाळणारी सोनाली कुलकर्णींची सीना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्या सिनेमात आजाराची आठवण ठेवणारं माणूस बहीण आहे. वाणी २०१७ मध्ये गेले. खान्देशच्या माणसानं पुण्यात हे उभं केलं, आणि खान्देशातल्या कामगारांनी भरलेल्या लिंबायत-दिंडोलीत मराठी-अहिराणीतून चालणारा असा नातेवाईकांचा गट गल्लोगल्ली हवा होता, असं मला मनापासून वाटतं. त्याला पैसा लागत नाही. महापालिकेच्या मराठी शाळेतली एक खोली, रविवारचे दोन तास आणि तोंड बंद ठेवू शकणारी दहा माणसं लागतात.

पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. खोटी आशा देऊ नये म्हणून आकड्यांनी उत्तर देतो. न्यूयॉर्कमध्ये डेलबर्ट रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया आणि स्किझोअफेक्टिवचा पहिलाच झटका आलेल्या तरुणांचा पाठपुरावा केला. १९९९ मध्ये त्यांनी लिहिलं की पाच वर्षांत सुमारे ८२ टक्क्यांना आजार पुन्हा उलटला, आणि गोळी बंद केल्यानं उलटण्याचा धोका जवळपास पाच पट झाला. २००४ च्या पुढच्या लेखात पाच वर्षांनंतर साधारण निम्म्या लोकांची लक्षणं शमलेली होती, चौघांपैकी एकाचं कामधंदा-नातीगोती असं जगणं नीट चाललं होतं, आणि दोन्ही गोष्टी दोन वर्षं सलग टिकल्या अशांचं प्रमाण १३.७ टक्के होतं. ऐकायला कमी वाटतं. पण त्याच अभ्यासात ज्यांच्या आजाराला लवकर हात घातला गेला त्यांचं बरं होणं जास्त होतं. एकंदर बघता या आजाराची वाटचाल स्किझोफ्रेनियापेक्षा बरी आणि बायपोलर, म्हणजे उन्माद-नैराश्याच्या आजारापेक्षा, कठीण अशी असते. सुरुवात एकदम झाली, आधी माणूस कामात चोख होता, आजाराला काही ताण कारण ठरला, तर शक्यता चांगली. वर्षानुवर्षं हळूहळू विझत गेला असेल तर अवघड. या आजारासह काम करता येतं याचं एक उदाहरण म्हणजे बीच बॉइज या गटाचे संगीतकार ब्रायन विल्सन. त्यांना तरुणपणापासून आवाज ऐकू येत, निदान उशिरा आणि चुकीच्या वळणांनी हाती आलं. १९६७ मध्ये अर्धवट टाकलेला 'स्माइल' हा अल्बम त्यांनी २००४ मध्ये पुरा केला. २०२५ साली ते ८२ व्या वर्षी गेले, तोवर त्यांच्या मागे कित्येक दशकांचं काम होतं.

भारतातल्या कुटुंबांना एक जुनी शाबासकी मिळालेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहण्यांत आग्रा आणि चंडीगडच्या रुग्णांचा परिणाम श्रीमंत देशांपेक्षा चांगला दिसला. चंडीगडला नरेंद्र विग आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की तिथल्या घरांत लंडनच्या मानानं टोचून बोलणं कमी होतं, आणि टोचून बोलणं जिथं कमी तिथं आजार कमी उलटतो. पुढे या निष्कर्षांवर शंकाही घेतल्या गेल्या. मला त्यातला घरगुती भाग पटतो. पण ती शाबासकी एकत्र राहणाऱ्या घराची होती. दहा बाय दहाच्या खोलीत तीन पोरं, कर्ज आणि रिकामा बसलेला नवरा असताना बायकोचं बोलणं टोचरं होणारच. दोष तिच्यावर टाकण्याऐवजी तिला आठवड्यातून एक दिवस नणंदेनं किंवा जावेनं मोकळं केलं, तर त्याचा फायदा गोळीइतका नाही पण गोळीच्या खालोखाल नक्की आहे.

कायदा स्थलांतरित माणसाच्या उपयोगाचा आहे, म्हणून दोन गोष्टी. २०१७ च्या कायद्याप्रमाणे कुणालाही आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' लिहून ठेवता येतो. तो नातेवाईकच हवा असं नाही. गावाकडच्या वडिलांऐवजी सुरतेतला चुलतभाऊ किंवा खोलीतला सोबती नेमता येतो, आणि झटक्याच्या वेळी निर्णय अडत नाही. आपल्याला कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, हेही बरं असताना आधी लिहून ठेवता येतं. दुसरं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरला आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड देशभर चालतं. पेन्शनसारख्या योजना मात्र राज्यागणिक असतात, म्हणून पत्ता कुठला द्यायचा हे आधी ठरवा. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मंडळींनी गुजरात सरकारबरोबर २०१४ पासून तिथल्या मानसोपचार केंद्रांत रुग्णांच्या हक्कांचा कार्यक्रम राबवला, आणि सेवेचा दर्जा सुधारल्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. म्हणजे दोन राज्यांची माणसं या कामात एकत्र आलेली आहेत.

सुरत महापालिकेला एक सुचवावंसं वाटतं. १९९४ च्या प्लेगनंतर या शहरानं आपलं रूप पालटलं. वॉर्डा-वॉर्डात आरोग्यकेंद्रं आहेत. उधना आणि लिंबायतच्या केंद्रांत महिन्यातून एका रविवारी मानसोपचाराच्या गोळ्या आणि लिथियमची रक्ततपासणी मिळाली, तर रोजगार बुडवून रांगेत उभं राहणाऱ्यांची अर्धी गळती थांबेल. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात गुजरात होतं, आणि देशभरात तीव्र मनोविकार असलेल्या चारांपैकी तिघांना उपचार मिळत नाहीत, असं त्यात दिसलं होतं. तातडीला टेली-मानसचा १४४१६ हा फुकटचा नंबर आहे, तिथं मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं.

दिवाळी येईल. लूम बंद पडतील, मार्केट बंद होईल, भुसावळची गाडी भरून जाईल आणि माय, बायको, मामा, पेशंट हे सगळे वर्षातून एकदाच एका ओट्यावर बसतील. निघताना गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या घ्या, सणाच्या रात्रीही एक चुकवू नका. शंभर पानी वही घ्या. मायला विचारा, पहिल्यांदा कधी झालं, किती दिवस झोपला नव्हता, किती दिवस पडून होता, आणि मध्ये जेव्हा नीट बोलत-जेवत होता तेव्हाही कानात कुणी बोलत होतं का. ती जसं सांगेल तसं, अहिराणीतच लिहा. धुळ्याच्या डॉक्टरांकडून जुना कागद मिळाला तर तो त्यात चिकटवा. आणि भाऊबिजेनंतर परत निघताना फराळाच्या डब्याआधी ती वही पिशवीत ठेवा.